तीन आणि दोन बोटं

बागेच्या रखवालदाराला लोक पाठीमागे बोटभर म्हणत. त्याला ते माहीत होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. तो सगळंच बोटांनी मोजायचा. फाटकाचं दार बोटभर खाली आलंय, गवत दोन बोटं वाढलंय, चहा कपात बोटभर कमी आहे. न्हावी त्याच्या मानेवर कात्री धरून विचारायचा, "मागून किती घेऊ, दोन बोटं की अडीच?" आणि तो खरंच विचार करून सांगायचा.

ही सवय त्याला नदीने लावली होती. बाग नदीच्या काठाकाठाने पसरलेली, गावाच्या मालकीची. तिला तिकीट नव्हतं. मधोमध नदी खडकांच्या उतारावरून तीन धारांनी खाली यायची, आणि त्या उताराच्या जरा वर, जिथे पाणी अजून संथ असायचं, तिथे काठालगत एक लोखंडी पट्टी उभी होती. पट्टीवर एक ते आठ आकडे, दोन आकड्यांमध्ये वीतभर अंतर. पूर्वी बागेत भाड्याच्या होड्या असत. पाणी पाचाच्या वर गेलं की होड्या बंद, असा नगरपालिकेचा नियम होता, म्हणून रखवालदाराने रोज सकाळी साडेसहाला पट्टी वाचायची आणि वहीत आकडा लिहायचा. पुढे होड्या कुजल्या, मोडीत गेल्या. नियम रद्द करायचं कुणाला सुचलं नाही. ऑफिसातून वर्षाची नवी वही यायची तीही एके वर्षी आली नाही. त्याने दुकानातून आणली आणि आकडा लिहिला.

पट्टी उभ्याने वाचली तर आकडा खोटा येतो. डोळा पाण्याच्या रेषेत हवा. त्यासाठी तो काठावरच्या सपाट दगडावर दोन्ही गुडघे टेकायचा, मान तिरकी करून गाल जवळजवळ पाण्याला लावायचा, मग हात लांब करून पट्टीवर बोटं आडवी धरायचा. आधी पूर्ण आकडा, त्यावर बोटं. फिरायला येणारे लोक त्याला वळसा घालून जात. त्याच्या गुडघ्यांनी दगडाला खळगे पडले आहेत असं पोरं एकमेकांना सांगत, पण ते खरं नव्हतं. दगड इतक्यात झिजत नाहीत. पँट झिजायची. त्याची बायको घरी कपडे दुरुस्तीचं काम करायची. ती त्याच्या गुडघ्यांवर ठिगळं लावताना म्हणायची, "अहो, नदीला एकदा सांगून तरी बघा, जरा उभी राहा म्हणावं."

दोन खोल्यांचं क्वार्टर फाटकाजवळ होतं. एका खोलीत शिलाई मशीन, अवजारं आणि स्टोव्ह, दुसऱ्या खोलीत पलंग आणि नदीकडे उघडणारी खिडकी. खिडकीपासून पट्टीपर्यंत दीडशे पावलं. बायको आजारी पडली तेव्हा पलंग ओढून खिडकीला लावला, आणि अकरा महिन्यांनी तो पुन्हा भिंतीकडे सरकवला.

मुलगी तेव्हा दुसऱ्या शहरात औषधशास्त्र शिकत होती. आई सकाळी साडेसहाला गेली, मुलगी दुपारच्या बसने पोचली. आठवड्याने ती खणात आईचे कागद शोधत होती तेव्हा वही हाताला लागली. तिने तारीख काढून पाहिली. त्याच्या ठसठशीत, उजवीकडे कललेल्या अक्षरात लिहिलं होतं: सकाळी ६.३०. तीन आणि दोन बोटं.

ती वही घेऊन बाहेर आली. तो नळावर पातेलं घासत होता.

"त्या दिवशी तरी घरी थांबायचं होतंस, बाबा," ती म्हणाली.

तो पातेलं घासत राहिला. ते स्वच्छ झालं होतं तरी घासत राहिला. त्यानंतर नऊ वर्षांत तिने हा विषय पुन्हा काढला नाही. शिक्षण संपवून ती गावात परत आली, औषधांच्या दुकानात लागली, नदीपासून लांब तिसऱ्या मजल्यावर तिने घर घेतलं. दर रविवारी त्याचं जेवण आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन यायची. फक्त लहानपणापासून ती त्याला अरे-तुरे करायची ते बंद झालं. "गोळ्या घेतल्यात का," असं विचारायची. शेजारच्यांना वाटायचं, शहाणी झाली.

मग कंपनी आली. उताराच्या वर बंधारा घालून पाणी पाइपात घ्यायचं, पाइप हिरवळीखालून न्यायचा, बागेच्या खालच्या टोकाला वीजघर बांधायचं आणि पाणी परत नदीत सोडायचं. नदी फक्त तीनशे पावलं पाइपातून जाणार आहे, असं कंपनीचा माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता. ती तीनशे पावलं म्हणजेच बाग होती.

विरोध समितीच्या अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापिकाबाई झाल्या, कारण गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी कधी ना कधी वर्गाबाहेर उभं केलं होतं आणि ते अजून त्यांना घाबरत. मुलगी सचिव झाली. सह्या जमल्या, मोर्चा निघाला, न्हाव्याने दुकानात पाटी लावली की कंपनीच्या माणसांचे केस इथे कापले जाणार नाहीत, फक्त कान कापले जातील. यातल्या कशानेच काही हलत नव्हतं. कंपनीचं म्हणणं एका वाक्याचं होतं: वर्षातले नऊ महिने पाणी तीनाच्या वर असतं, त्यामुळे पाइप भरूनही खडकांवर पुरेसं उरेल. त्यांनी दोन वर्षं यंत्राने मोजलं होतं. ती दोन्ही वर्षं भरपूर पाण्याची होती.

एका रविवारी मुलगी डबा ठेवून निघाली होती. दारात थांबून तिने विचारलं, "तुमच्या वह्या आहेत ना अजून?"

पलंगाखाली दोन पत्र्याच्या पेट्या होत्या. एकतीस वह्या निघाल्या. त्याची नोकरी संपून वर्ष झालं होतं, जागी नवा माणूस आला नव्हता म्हणून क्वार्टर त्याच्याकडेच होतं, आणि वही चालूच होती.

अख्खा हिवाळा ती संध्याकाळी दुकान बंद झालं की क्वार्टरवर येऊन बसायची आणि आकडे कॉम्प्युटरवर उतरवायची. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणाऱ्या डोळ्यांना त्याचं अक्षर जड नव्हतं. अडलं तर विचारायची, तो सांगायचा. नऊ वर्षांत दोघं इतकं बोलले नव्हते, आणि बोलणं सगळं आकड्यांचंच. हा चार की सात? चार. इथे शाई सांडलीय. दोन आणि पाच बोटं, त्या दिवशी कुत्रा वाहून आला होता. आईच्या वर्षाची वही आली तेव्हा तिने काही विचारलं नाही. तीही तशीच उतरवली, त्या तारखेसकट. तो तेव्हा उठून बाहेर गेला आणि फाटकाच्या बिजागरीला तेल घालत बसला.

सगळं उतरवून झाल्यावर चित्र स्वच्छ होतं. एकतीस वर्षांत बहुतेक दर वर्षी चार-पाच महिने पाणी तीनाच्या खाली गेलं होतं. तेवढे महिने कंपनीने पाइप भरला तर खडकांवर काहीच उरणार नव्हतं, आणि तसं असेल तर नियमाप्रमाणे परवानगी देता येत नव्हती. सुनावणी अधिकाऱ्याने वह्या पुरावा म्हणून दाखल करून घेतल्या. बाईंनी त्या दिवशी समितीतल्या सगळ्यांना चहा पाजला आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "काय हो बोटभर, गाव वाचवलंत की." तो कपाकडे बघत बसला होता. कपात चहा काठोकाठ होता. त्याला कसं वाटतंय असं कुणी विचारलं नाही, कारण ते उघडच आहे असं सगळ्यांना वाटलं.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून लोक खिडक्यांत बसले. समितीच्या वकिलाने सकाळीच त्याला बजावलं होतं की थोडक्यात उत्तरं द्या, हो किंवा नाही. तसंच झालं. किती वर्षं नोकरी, पट्टी कुठे, वाचायची रीत काय. कंपनीचा वकील तरुण होता आणि अदबीने बोलत होता. त्याच्या हाती काही लागत नव्हतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटचा प्रश्न त्याने कागद आवरता आवरता विचारला.

"या सगळ्या नोंदी तुम्ही स्वतः, पट्टी डोळ्यांनी पाहून केल्या आहेत, बरोबर?"

अधिकाऱ्याला वाटलं ऐकू गेलं नाही, त्याने प्रश्न मोठ्याने पुन्हा वाचला. पहिल्या रांगेत बाईंची मान खालीवर होत होती, हो म्हणा, हो म्हणा. तिसऱ्या रांगेत मुलगी मांडीवर फाइल घेऊन बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं.

"अकरा महिने नाही," तो म्हणाला.

वकिलाने आवरलेले कागद परत पसरले. "मग त्या अकरा महिन्यांच्या नोंदी कुठून आल्या?"

"घरून लिहिल्या. ऐकून."

"कुणाकडून ऐकून?"

"नदीकडून."

खिडकीतून कुणीतरी फिसकन हसलं. वकील म्हणाला, "म्हणजे नदी रोज सकाळी घरी येऊन आकडा सांगून जायची?" आणि सभागृह हसलं. आपलेही लोक हसले. न्हावी हसला. हसू आलं की माणूस कोणाच्या बाजूचा आहे हे क्षणभर विसरतो.

तो हसला नाही, चिडलाही नाही. न्हाव्याला केसांचं सांगायचा तसं विचार करून सांगू लागला. पाणी दोनाच्या खाली असलं की तिन्ही धारा वेगवेगळ्या ऐकू येतात, डावीकडची बारीक असते. अडीचला डावी आणि मधली एक होतात. तीनाला मधला खडक बुडतो, त्याच्यावर पाणी आपटल्याचा आवाज बंद होतो, तिथे एकदम पोकळ वाटतं. चाराला सगळा एकच आवाज. पाचाला खिडकीची काच वाजते. बायकोला उठता येत नव्हतं, पहाटेपासून तिला धाप लागायची, त्या वेळी तिला एकटं सोडता येत नव्हतं. सुरुवातीचे दोन आठवडे तो ऐकून आकडा लिहायचा आणि दुपारी शेजारीण येऊन बसली की जाऊन पट्टी बघायचा. खिडकीपाशी ऐकलेला आकडा पट्टीवर चुकत नव्हता. मग त्याने जाणं सोडलं.

हसणं कमी कमी होत गेलं होतं. वकिलाने वही उघडली, त्या अकरा महिन्यांतलं शेवटचं पान काढलं. "इथे लिहिलंय, तीन आणि दोन बोटं. बोटंसुद्धा ऐकू येत होती तुम्हाला?"

"मला नाही. मला अर्ध्या आकड्यापर्यंतच कळायचं. बोटं तिला कळायची."

"कुणाला?"

"बायकोला. सकाळी मी एक आकडा सांगायचो, ती एक सांगायची. तिचा बरोबर असायचा." तो थांबला. "हा आकडा तिचा आहे. ती बोलली, मी लिहिला. त्यानंतर ती काही बोलली नाही."

वकील उभा होता तो खाली बसला आणि बसून म्हणाला की त्याला आणखी काही विचारायचं नाही.

सुनावणी संपल्यावर तो आणि मुलगी बागेतून क्वार्टरपर्यंत चालत आले. त्याने स्टोव्ह पेटवला. ती आतल्या खोलीत पलंगावर जाऊन बसली, मग उठली, पलंग एका बाजूने ओढत खिडकीपाशी नेला आणि पुन्हा बसली. बाहेर पाणी अडीचच्या आसपास असावं. तो कप घेऊन दारात उभा राहिला.

"मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

तो म्हणाला, नोंद खोटी होती. कळलं असतं तर नोकरी गेली असती, घर गेलं असतं, तिचं शिक्षण अर्धं राहिलं असतं.

"आणि नंतर? नऊ वर्षं मी तुला काय समजत होते?"

त्याने कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला. "सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, आई शेवटी काय म्हणाली. काय सांगणार होतो तुला? तीन आणि दोन बोटं म्हणाली म्हणून सांगू?"

ती खिडकीकडे वळली.

"माझ्यासाठी काहीच नाही म्हणाली?"

अशा वेळी कुणीही काहीतरी सांगतं. एखादं वाक्य रचायला काही लागत नाही, आणि ते खरं नव्हतं असं सांगायला तिसरं माणूस त्या खोलीत नव्हतं.

"आदल्या दिवशी तुझ्या स्वेटरचा विषय निघाला होता," तो म्हणाला. "बाह्या आखूड झाल्या असतील म्हणाली. त्या सकाळी नाही."

तिने चहा घेतला नाही. पण ती त्या दिवशी उशिरापर्यंत तिथेच, आईच्या जागी, कुशीवर पडून होती, आणि जाताना म्हणाली, "गोळी घे." त्याने घेतली.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. काही नोंदी प्रत्यक्ष पाहून केलेल्या नसल्यामुळे उरलेल्याही विश्वासार्ह धरता येत नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. एकतीसच्या एकतीस वह्या बाजूला काढल्या गेल्या. परवानगी मिळाली. खडकांवर वीतभर पाणी कायम सोडावं अशी एक अट शेवटच्या पानावर होती.

त्यानंतर काही दिवस गावात जे बोललं जात होतं ते त्याच्या कानावर येत होतं. म्हातारा फितूर झाला, कंपनीने त्याला घर कबूल केलंय. न्हाव्याकडे तो गेला तर खुर्ची रिकामी असून न्हावी म्हणाला, आज वेळ नाही. बाई मात्र स्वतः आल्या. फाटकापाशी त्यांना धाप लागली, त्याने स्टूल आणून दिलं. त्या रागावल्या नव्हत्या, ते त्याला जास्त जड गेलं.

"एक 'हो' हवा होता हो," बाई म्हणाल्या. "नुसता एक. तुम्ही बरोबर होतात, मला माहितीये. आकडे बरोबर होते. मग 'हो' म्हणायला काय झालं होतं?"

"हो म्हटलं असतं, बाई, तर साडेसहाला मी नदीवर होतो असं कायमचं ठरलं असतं," तो म्हणाला. "ती एकटी गेली असं ठरलं असतं. आणि ते माझ्याच सहीने."

बाई स्टुलावरून उठल्या. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि हिरवळीवरून, जिथे चुन्याने पाइपची रेघ आखली होती तिथून, हळूहळू निघून गेल्या.

ती रेघ क्वार्टरमधून जात होती. त्याला महिन्याभराची मुदत मिळाली. मुलीने त्याला आपल्या घरी नेलं, पेट्यांसकट. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची भिंत दिसायची, तिच्यावरून उतरणारे पाण्याचे नळ. सकाळी साडेसहाला त्याला जाग यायची आणि तो कान देऊन पडून राहायचा. फ्रिज सुरू व्हायचा, बंद व्हायचा. वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवायचं. एकदा नळातून पाणी उतरल्याचा आवाज आला आणि तो उठून बसला, मग परत आडवा झाला.

बत्तिसावी वही मुलगी चालवत होती. त्याच्या गुडघ्यांना आता ते झेपत नव्हतं, आणि खोदाई सुरू असलेल्या बागेत त्याला जायचंही नव्हतं. ती दुकानाच्या आधी नदीवर जायची. कंपनीने कुंपण घातलं होतं, पण पट्टीच्या बाजूचा काठ मोकळा सोडला होता. ती त्याच दगडावर गुडघे टेकायची. घरी आली की तो तिची ओली पँट बघायचा, आकडा ऐकायचा आणि मान हलवायचा. एके दिवशी तिने न विचारता स्वतःच्या पँटला गुडघ्यांपाशी ठिगळं लावली. टाके वाकडे होते.

पाणी पाइपात वळवलं त्या सकाळी तिने त्याला नदीवरून फोन केला.

"बाबा, पट्टी कोरडी आहे. एकच्या खाली आकडाच नाहीये. काय लिहू?"

"दिसतंय ते लिही."

"कोरडी लिहू?"

"कोरडी लिही. वेळ लिही."

कागदावर पेन चालल्याचा आवाज त्याला आला. मग ती उठली असावी, चालत असावी. दगडांवर तिचे बूट वाजले, एकदा ती घसरली, सावरली. ती खाली उतारात गेली होती, जिथे एकतीस वर्षांत तो कधी पाय टेकू शकला नव्हता, कारण तिथे नदी असायची.

"मधल्या खडकाजवळ आहे रे थोडं पाणी," ती म्हणाली. तिला दम लागला होता. "सोडलंय त्यांनी. मी फोन खाली धरते हं. ऐक."

त्याने फोन कानावर दाबला आणि दुसऱ्या कानात बोट घातलं. वीजघराच्या यंत्राचा आवाज येत होता, सरळ, एकाच उंचीचा, त्यात बोटं नव्हती. त्याच्या मागे वारा होता. आणि अगदी जवळ तिचा श्वास, जो ती त्याला नदी ऐकू यावी म्हणून रोखायचा प्रयत्न करत होती आणि जो रोखला जात नव्हता. याखेरीज काही नव्हतं. त्याने डोळे मिटले. मधल्या खडकाची जागा त्याला पाठ होती. त्याने तिथे कान लावला आणि वाट पाहिली.

"येतंय ना?" मुलीने विचारलं. "बाबा? येतंय ना ऐकू?"

"हो," तो म्हणाला.

"किती असेल?"

खिडकीबाहेर समोरच्या भिंतीवर ऊन आलं होतं. तो त्या भिंतीकडे बघत राहिला.

"बोटभर," तो म्हणाला.

ती खडकावर थोडा वेळ तशीच बसून राहिली, फोन पाण्याशी धरून. वहीत तिने कोरडी लिहिलं होतं. ते तिने खोडलं नाही.